बाकावरची दुसरी बाई

दुपारच्या वेळी गिरिजा अवनीसाठी दलिया आणायला खाली उतरली, तेव्हा तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. मे महिना, लखनौचं ऊन. आलमबागच्या बस अड्ड्यामागची ती गल्ली एरवी माणसांनी फुललेली असायची. पण त्या वेळी सगळी दारं लावलेली आणि कूलरची घरघर तेवढी चालू. नऊ महिन्यांची अवनी तळमजल्यावर घरमालकिणीच्या खाटेवर झोपली होती. घरमालकिणीला सगळे चाचीजी म्हणायचे, म्हणून गिरिजाही म्हणायची.

दुकानदारानं दलिया तोलला, पिशवीत घातला, आणि पिशवी हातात तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला.

"आपकी बच्ची तो पिछले साल गुज़र गई थी न, बहनजी?"

तो अगदी मऊ आवाजात बोलला. पिशवी त्याच्याच हातात सोडून गिरिजा धावत सुटली. चपलेचा अंगठा तुटला, तशीच अनवाणी तापलेल्या रस्त्यावरून आली. अवनी खाटेवर होती. झोपेत ओठ हलवत होती. गिरिजानं तिला उचलून छातीशी धरलं आणि मग तिला राग आला. असा राग की रडू यायचं सुद्धा राहून गेलं.

गिरिजा कर्नाटकातल्या हल्याळकडची. सिद्दी. तिच्या पणजीच्या पणजीला कुणी, कुठल्या गलबतात घालून आफ्रिकेतून या देशात आणलं, ते सांगायला आता कुणी उरलेलं नाही. गिरिजा शिकली मराठी शाळेत, भांडते मराठीत, आणि पोरीला निजवते तेही मराठीतच. पण लखनौत आल्यापासून रोज कुणीतरी विचारायचं, कौन से देश से हो? चारबागला रिक्षावाल्यानं विचारलं. मेट्रोत एका मुलीनं न विचारताच तिचा फोटो काढला. हज़रतगंजला चादर घ्यायला गेली तर दुकानदार खाणाखुणा करून भाव सांगायला लागला. तिचा नवरा रणजित म्हणायचा, हसून सोडून दे. रणजितही सिद्दीच, पण तो फौजेत हवालदार. त्याच्या अंगावर वर्दी होती. हिच्या अंगावर काय होतं? आणि आता फॅमिली क्वार्टर मिळायच्या आतच त्याला कॅम्पला पाठवलं होतं, त्यामुळे सोडून द्यायचं ते हिनं एकटीनंच.

संध्याकाळी तिनं चाचीजींना खोदून खोदून विचारलं. चाचीजी आधी पानाचा डबा चाचपत राहिल्या, मग बोलल्या. गिरिजा राहत होती त्या वरच्या खोल्यांत आधी एक आफ्रिकेची बाई राहायची. नवरा युनिव्हर्सिटीत शिकायचा. तिची तान्ही मुलगी लू, म्हणजे उन्हाची झळ, लागून आजारी पडली. बाई तिला नाक्यावरच्या नर्सिंग होममध्ये घेऊन गेली. तिथं तिला बाकावर बसवलं, आणि बसवूनच ठेवलं. कुणाला वाटलं ही उगाच आरडाओरडा करतेय. पोर त्या बाकावरच, तिच्या मांडीवर गेलं. मग बाई रडायला लागली, ती थांबेचना. गल्लीतल्या लोकांनी येऊन तक्रार केली, आमच्या मुलांची परीक्षा आहे म्हणाले. तेव्हापासून ती मागच्या खोलीचं दार लावून आतच बसायची. काही दिवसांनी तीही त्याच खोलीत मेली. बुखार था, असं चाचीजी म्हणाल्या.

"तिचं नाव काय होतं?" गिरिजानं विचारलं.

चाचीजींना आठवेना. फार कठीण नाव होतं म्हणाल्या, आपल्या तोंडात बसेल असं नव्हतं. सब उसे काली ही कहते थे… प्यार से.

गिरिजा वर आली. मागच्या खोलीला तिनं बाहेरून कडी घातली.

पण वीज गेली की कूलर थांबायचा, आणि कूलर थांबला की कडी घातलेल्या खोलीतून आवाज यायचा. थप… थप… थप. पोराला मांडीवर घेऊन थोपटताना होतो, तसा. त्याबरोबर एक वास. दूध उतू जाऊन करपल्यासारखा, आणि त्यात कसलंसं अनोळखी तेल. खरं म्हणजे गिरिजाला त्या आवाजाची भीती नाही वाटली पहिल्यांदा. भीती बाहेरच्या लोकांची वाटायला लागली. सब्जीवाला म्हणाला, भाभी, दोपहर में खिड़की पर खड़ी रो क्यों रही थीं? ती खिडकीत गेलीच नव्हती. समोरच्या बाईनं विचारलं, आता बरं वाटतंय ना, एवढं मोठं दुःख झालं तुम्हाला. गिरिजा प्रत्येकाला सांगायची, ती मी नाही, ती वेगळी होती. लोक मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गल्लीनं एकीचं मेलेलं पोर उचलून दुसरीच्या पदरात टाकलं होतं. रात्री चार-चारदा उठून ती अवनीच्या नाकाखाली बोट धरायची. इतके जण म्हणतायत, तर खरंच तर होणार नाही ना?

आणि मग एका दुपारी अवनीला ताप भरला. अंग भट्टीसारखं, डोळे वर, ओठ कोरडे. गिरिजानं छावणीत राहणाऱ्या विनीताला फोन केला. विनीता साताऱ्याची, तिचा नवरा रणजितच्याच पलटणीतला. ती म्हणाली, मी निघते, पण मला वेळ लागेल, तू जवळच्या दवाखान्यात जा. जवळ म्हणजे नाक्यावरचंच नर्सिंग होम.

तिथला कंपाउंडर तिला बघून कपाळाला आठ्या घालत म्हणाला, फिर आ गईं आप? आणि त्यानं हातानंच बाक दाखवला. डॉक्टर आतच होते. गिरिजानंतर आलेलं एक पोर आत गेलं, मग दुसरं गेलं. गिरिजा दोनदा उठली, दोनदा त्यानं बसवलं. रांगेतल्या एका बाईला तो समजावत होता, "इनके बच्चे बड़े मज़बूत होते हैं। माँएँ ही शोर ज़्यादा करती हैं।"

तेवढ्यात वीज गेली.

दवाखान्याचा बोळ अंधारला. पंखा फिरत फिरत थांबला. माणसं हवेसाठी दाराबाहेर गेली, आणि लांब बाकावर गिरिजा एकटी राहिली. अवनी आता रडतही नव्हती. कुठंतरी नळ गळत होता… मग तोही ऐकू येईना.

थप… थप… थप.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलं होतं.

वास आला, करपलेल्या दुधाचा. वरच्या झरोक्यातून जो काय उजेड येत होता त्यात गिरिजाला आधी हात दिसले. तिच्या स्वतःच्या हातांसारखेच काळे. रिकाम्या मांडीवर ते थोपटत होते. मग ते थांबले. बाई सरकली. बाक करकरला… अजून सरकली. आता तिचा गुडघा गिरिजाच्या गुडघ्याला टेकला, आणि त्या उकाड्यात तो गुडघा माठासारखा गार लागला. ते दोन्ही हात अवनीच्या दिशेनं पुढे आले.

ओरडावं, तर कुणाला? बाहेरच्यांना? ते तर म्हणतील, ही तीच. गिरिजाला एकदम कळलं की या अख्ख्या गल्लीत, या दवाखान्यात, तिला हिच्यापासून वेगळी ओळखील असं एकही माणूस नाही. ओळखणारी उरलीच, तर ही एकटी.

"बाई," ती कुजबुजली, "लोक चुकले. दुकानदार चुकला, चाचीजी चुकल्या, तो दारातला माणूस चुकला… तू चुकू नकोस. तू आई आहेस. नीट बघ… ही तुझी नाही."

हात हवेतच राहिले. मग बाई वाकली. अवनीच्या टाळूशी नाक नेऊन तिनं वास घेतला. बराच वेळ. गिरिजानं श्वास धरून ठेवला होता.

बाईनं हळूच मान हलवली. नाही, अशी. आणि हात मागे घेतले.

"तुझं नाव काय गं?" गिरिजानं विचारलं.

बाईनं मान वर केली. जणू हा प्रश्न फार दिवसांत कुणी विचारला नव्हता.

"नीमा."

कंपाउंडर मोबाईलचा उजेड पाडत बोळात आला. उजेड बाकावर पडला आणि तिथंच थांबला.

"दो…" तो म्हणाला. "दो हैं…?"

"हाँ, दो हैं," गिरिजा उठून उभी राहिली. आवाज चढवायची तिला गरजच वाटली नाही. "पहले भी दो थीं। एक को तुमने इसी बेंच पर बिठाए रखा। अब दरवाज़ा खोलो।"

त्यानं उघडलं. डॉक्टरांनी अवनीला हातात घेतलं मात्र, आणि धावपळ सुरू झाली. सुई, सलाईन, ओल्या पट्ट्या. थोड़ी देर और होती तो… असं म्हणत डॉक्टर पुढची पट्टी भिजवायला वळले. गिरिजानं मागे वळून पाहिलं. बाक रिकामा होता.

विनीता अंधार पडता पडता आली आणि रात्रभर दोघी अवनीच्या पलंगापाशी बसून राहिल्या. पहाटे ताप उतरला, आणि गिरिजाचा बसल्या जागीच डोळा लागला. उजाडल्यावर चाचीजी थर्मासमधून चहा घेऊन आल्या. गिरिजानं कप हातात घेतला नाही. आधी सांगितलं, तिचं नाव नीमा होतं.

"नीमा?" चाचीजी म्हणाल्या. "बस… इतना ही?"

त्यांनी दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. अगदी सहज जमलं. मग त्या स्टुलावर बसल्या आणि कितीतरी वेळ पदराचं टोक चुरगाळत राहिल्या. गिरिजानं त्यांची समजूत काढली नाही. का काढावी?

शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी अवनीकडे पाहिलं. हे असे केस कुणी गुंफले, म्हणाल्या, फार सुंदर झालेत.

गिरिजानं वाकून पाहिलं. अवनीच्या इवल्याशा डोक्यावर, कपाळापासून मानेपर्यंत, बारीक बारीक वेण्यांच्या ओळी घातल्या होत्या. डोक्याला चिकटून, शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या सरळ. असं गुंफणं गिरिजाला येत नव्हतं, तिच्या आईलाही येत नव्हतं. विनीता शपथेवर सांगत होती की खोलीत कुणी आलं नाही, तिचाही फक्त एकदाच डोळा लागला होता. गिरिजानं बोट फिरवलं. केसांना अनोळखी तेलाचा वास होता, आणि तेल अजून ओलं होतं.

डाव्या कानामागची शेवटची ओळ मात्र अर्धीच राहिली होती. कुणाला तरी मध्येच उठून जावं लागावं, आणि उरलेलं पुन्हा येऊन पुरं करायचं असावं, तशी.