उतरनार न्हाय

लाइट येईल तेव्हा येईल. गच्चीवर वारा आहे, बसा गुमान. शिवू, तो मोबाइलचा उजेड बंद कर रे, डोळ्यांत जातोय. सांगतो. पण ही ऐकीव गोष्ट नाही, आधीच सांगून ठेवतो. ज्याच्यावर बेतली तो ईश्वर माझं गिऱ्हाईक आहे. त्याच संध्याकाळी त्यानं माझ्या जेऊरच्या दुकानातून प्लग नेला होता.

याच जानेवारीची अठरा तारीख. रविवार, पौष अमावास्या. थंडी अशी की दुकानातलं ग्रीस डब्यातून निघेना. ईश्वर आला आणि म्हणाला, "चनबसप्पाअण्णा, बोटीचं इंजिन लई छळतंय. गारठ्यात धरतच न्हाय."

मी म्हटलं, "प्लग बदल. नळीवरचा पेट्रोलचा फुगा कडक होईस्तोवर दाब, चोक वढ, मग दोरी. चोक लई येळ ठिवू नगंस, प्लग भिजतोय." चहा प्यायला आणि गेला. उजनीच्या पाण्याकाठी त्याचं गाव. माणसं, मासळी, मोटारसायकली पलीकडच्या काठाला नेऊन सोडायचा त्याचा धंदा.

त्याची बायको धम्मप्रिया पहिलटकरीण. तारीख अजून लांब होती, पण जेवणं उरकली आणि तिला कळा सुरू झाल्या. गाडीला फोन केला, तर जेऊरच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली आडवी झालेली. दुसरा दवाखाना पाण्याच्या पलीकडं. ईश्वरनं बोट काढली. धम्मप्रियाला मागच्या फळीवर, इंजिनाशेजारी बसवलं. पुढं त्याची आजी विठाबाई. वय ऐंशीच्या वर, पण म्हातारी घरी थांबायला तयार नव्हती.

बोट काठापासून ढकलली. पाण्यावर धुकं. फुगा दाबला, चोक ओढला, दोरी ओढली. इंजिन नुसतं खर्र करून गप्प. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. पेट्रोलचा वास यायला लागला. प्लग काढला तर चिंब. नवा बसवला, चोक आत ढकलला, घाम फुटेपर्यंत दोरी ओढली. शेवटी त्यानं प्लग बाहेर काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि दोरीला झटका दिला. ठिणगीच पडत नव्हती.

आता हे नीट ऐका. बोटीच्या इंजिनाला सुरू करायच्या दोरीशिवाय आणखी एक लाल दोरी असते. तिच्या टोकाची क्लिप बटणाखाली बसवायची. इंजिन धरलं की चालवणारा तिचं दुसरं टोक मनगटाला अडकवतो; तो पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. क्लिप जागेवर नसेल तर इंजिन बापजन्मात चालू होत नाही. ईश्वरनं उजेड पाडला. क्लिप खाली लोंबत होती.

"मीच इसरलो की," तो हसला. प्लग लावला, क्लिप बसवली, दोरीला हात घातला.

टक्. क्लिप खाली.

पुन्हा बसवली. हलवून बघितली. पक्की होती.

टक्.

"तू हात लावला का गं?"

"न्हाय ओ."

मग आवाज आला. काठावरून नाही. पाण्यातून... बोटीला लागूनच.

"कोन हाय?"

ईश्वरनं उजेड पाण्यावर फिरवला. नुसतं धुकं. परत तोच आवाज,

"खाली उतरा. आदी गाव. तुमी शेवटच्या खेपंला."

शिवू, तुझ्या तोंडावरून दिसतंय, तुला काही कळलं नाही. बरं आहे, कळू नये असंच होतं ते. धरण व्हायच्या आधी तिथं भीमा होती. जुनं गाव आता पाण्याखाली आहे. पलीकडं न्यायला एक नाव असायची. तिच्यात आधी गावची माणसं, मग गावची गुरं, आणि ईश्वरच्या वस्तीतली माणसं सगळ्यांत शेवटी. अंधार पडला तर ती शेवटची खेप व्हायचीच नाही. हरामखोरपणा होता, दुसरा शब्द नाही माझ्याकडं. विठाबाईची थोरली बहीण अशीच बाळंतपणात अडलेली होती. नावेत बसली होती, नावाडी उतरा म्हणाला, घरचे तिला घेऊन उतरले. रात्रभर काठावर तळमळली आणि पहाटे गेली.

विठाबाईनं आवाज ओळखला. "त्योच हाय," म्हणाली. "त्योच नावाडी."

ईश्वरनं दोरी सोडून दिली. खोटं कशाला सांगू, मीही सोडली असती.

धम्मप्रियाला जोराची कळ आली. ओठ चावून तिनं ती जाऊ दिली. मग स्वतः वाकली, क्लिप बसवली आणि वर अंगठा दाबून धरला.

"तुमी दोरी वढा," नवऱ्याला म्हणाली. आणि अंधाराकडं तोंड करून, "उतरनार न्हाय!"

खर्र...

तिच्या अंगठ्यावर काहीतरी गार आलं. ओलं. बोटं होती ती. अंगठ्याखाली शिरायला लागली. हळूहळू... उचलायला लागली.

"उचल, किती उचलतुस त्ये बगते! नाव आमची हाय. पानी काय तुज्या बाचं न्हाय. उतरनार न्हाय म्हन्ते न्हवं!"

म्हातारी सरपटत मागं आली. नातसुनेच्या हातावर तिनं आपले दोन्ही हात दाबले.

"मी ल्हान हुते तवा," ती पाण्याला म्हणाली. "भ्याले. भनीबरूबर उतरले. आता न्हाय भेत तुला." मग नातवावर खेकसली, "बगतुस काय भाड्या, वढ!"

खर्र...

बोट एका अंगाला कलली. बोटीच्या कडेवर कुणीतरी भार टाकला होता. पाणी आत आलं...

खर्र...

कुणी हललं नाही. दोघींचे हात तसेच.

खर्र... आणि इंजिनानं धरलं! धूर, धडधड, सगळं पाणी दणाणलं. बोट सरळ झाली. पलीकडचा काठ लागेपर्यंत धम्मप्रियानं अंगठा उचलला नाही. पहाटे दवाखान्यात मुलगी झाली, आणि मायलेकी दोघी ठणठणीत होत्या.

उजाडल्यावर ईश्वर बोटीकडं आला. बोटीत लांबच्या लांब एक कळक, म्हणजे जाड बांबू, पडलेला. काळा, शेवाळलेला, मधे धरायची जागा घासून गुळगुळीत झालेली. नाव रेटायला पूर्वी असा कळक वापरायचे. आता तिथं पाणी इतकं खोल आहे की कळक तळाला टेकत नाही, त्यामुळं कुणी ठेवतही नाही. विठाबाईनं तो बघितला, हातसुद्धा लावला नाही. "टाकून गेला," एवढंच म्हणाली.

गावात कुणी म्हणालं जाळून टाक, कुणी म्हणालं नारळ वाहून पाण्यात सोड. ईश्वर म्हणाला, "का म्हून? फुकट बशीवायचा व्हय त्येला? काम करू दे की आमचं." अंगणात दोन मेढी रोवल्या, त्यांच्यावर कळक आडवा बांधला आणि लेकीची दुपटी-लंगोट त्यावर वाळत घालायला सुरुवात केली. मला तर लई आवडलं ते.

परवा पोरीला बघायला गेलो होतो. भर दुपार. ऊन कसलं आहे ते तुम्ही बघताच आहात. दुपटी कडकडीत वाळलेली. कळकही वाळून चिरा पडलेला. जाता जाता मी सहज त्या गुळगुळीत जागेला हात लावला...

तेवढीच ओली होती. आणि गार.