पाठीवरचे पंजे

वस्ताद सोस्त्रातोस आर्किप्पोसच्या राहुटीत शिरला, तेव्हा तो घामाने निथळत होता.

"माझ्या मेलांथोसनं कुस्ती मारली, अन् आता त्यालाच लबाड ठरवताहेत. म्हणे पाठीला चोरून तेल लावलं. दिवस मावळायच्या आत खरं काढा. नाहीतर चाबकाचे फटके, वर दंडाच्या पैशातून झ्यूसदेवाची काशाची मूर्ती, अन् तिच्याखाली पोराचं नाव. कायमचं."

ऑलिंपियात लपलेल्या लबाड्या हुडकून काढण्याविषयी आर्किप्पोसची ख्याती होती. त्याचा मित्र दोर्कोन बुद्धीने अंमळ मंद होता. तथापि नवेकोरे शुभ्र वस्त्र सावरीत तोही मागोमाग निघाला.

मेलांथोस आखाड्याच्या कडेला मान खाली घालून उभा होता. छातीवरची माती खडखडीत कोरडी. पाठीवर मात्र तेलाचे दोन पंजे उमटलेले, दोहोंची बोटे कण्याकडे वळलेली.

"स्वतःचा हात तिथं पुरत नाही," दोर्कोन कुजबुजला. "वस्तादानंच मागून चोळलं असणार."

"मी?" वस्ताद उसळला. "अंगावरचं सरावाचं तेल खरवडून डोक्यापासून पायापर्यंत माती चोळली, पंचांच्या देखत. सगळ्यांनाच चोळावी लागते."

"झ्यूसपुढं, बळीच्या रानडुकराच्या मांसासमोर शपथ घेतलीय मी," मेलांथोस म्हणाला. "खोटं करून घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

हरलेला ओनासोस सावलीत बसून डोक्यावरच्या माश्या हाकीत होता. अंग मातीने करडे, केस काळेभोर.

"दोनदा पाडलं त्यानं, कबूल," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा मिठी घातली, तर माशासारखा निसटला अन् मलाच आपटलं."

"त्याआधी काय केलंस?"

"केस मागं सारले. त्याचंही पाप लागतं का?"

आर्किप्पोस प्रसन्नपणे हसला.

सायंकाळी पंचांसमोर त्याने चुलीच्या राखेत दोन्ही हात बुडविले.

"दोर्कोन, इकडे ये."

मागे उभे राहून त्याने मित्राच्या पाठीवर पंजे टेकविले. बोटे वर, मानेकडे गेली. नंतर पुढून त्याला कडकडून मिठी मारली. ह्या खेपेस बोटे कण्याकडे वळली.

"हे पंजे मागून चोळणाऱ्याचे नव्हेत, पुढून मिठी मारणाऱ्याचे आहेत," तो म्हणाला. "अशी मिठी आज एकानंच मारली."

"तेल कुठून आणलं त्यानं?" पंचाने विचारले.

"इतरांची डोकी मातीनं करडी. ह्याचे केस काळे, अन् माश्याही त्याच्याच डोक्यावर. तिसऱ्यांदा पडला की कुस्ती गेली; दोनदा पडल्यावर हार दिसली, तेव्हा केसांतलं तेल तळव्यांना घेतलं अन् मिठीत मेलांथोसच्या पाठीला पुसलं, म्हणजे लबाड तोच ठरेल."

पंचाने ओनासोसच्या केसांतून हात फिरविला. तळवा चकाकला.

"हरून गावात कसा शिरलो असतो मी?" ओनासोस पुटपुटला.

"आता नाव काशाच्या मूर्तीखाली ठेवून शीर," पंच म्हणाला आणि त्याने चाबूकवाल्यास खूण केली.

मेलांथोसच्या मस्तकी ऑलिव्हचा मुकुट चढला. वस्ताद लेकरासारखा रडला.

दोर्कोन मात्र मान वळवून आपली पाठ पाहण्याची खटपट करीत होता.

"आधी बोलला असतास," तो म्हणाला, "तर जुनं नेसून आलो असतो."