हसण्यामधली सहा चित्रं

या, असं जरा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगते. लहानशीच आहे, पण ऐकून उठाल तेव्हा मन थोडं ओलं असेल, एवढं वचन देते.

एक होती समीक्षकबाई. दर शुक्रवारी वर्तमानपत्रात सिनेमाचं परीक्षण लिहायची. घरी परतलं की दिवा आपणच लावायचा, चहा आपणच ठेवायचा, आणि "दमलीस का गं" हेही आपणच आपल्याला विचारायचं. दादा चिडवायचा, "सिनेमातल्या लग्नातसुद्धा खोट काढतेस तू, तुझं कसं जमायचं?" ती हसायची. फोन ठेवला की हसू जायचं.

एका बुधवारी सकाळी तिला हाताने काढलेल्या चित्रांचा एक सिनेमा बघायला बोलावलं. प्रदर्शनाला अजून नऊ दिवस होते, पण परीक्षण याच शुक्रवारी छापायचं होतं. दोनशे खुर्च्या आणि माणसं दोन. ही, आणि तीन खुर्च्या सोडून एक चष्मेवाला.

सिनेमा उफराटा होता. मनोऱ्यातल्या राजकन्येला सोडवायला राजपुत्र शिडी घेऊन येतो, तर ती केव्हाच जिन्याने उतरून गेलेली. तिने घोड्यांना नाल ठोकायचं दुकान काढलेलं. राजपुत्र शोधत तिथे येतो, तर ती त्याच्या घोड्याला नाल ठोकून देते आणि त्याला वाटेला लावते. मग दार लावून एकटीच जेवायला बसते... आणि हसते. संपलं. ना लग्न, ना वाजंत्री.

बाहेर चहाच्या खिडकीशी दोघं शेजारी आले.

"किती तारे देणार?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तुमच्या खिशातून जाणार आहेत का?"

"नाही... सहज."

"साडेतीन. त्यातला अर्धा शेवटच्या जेवणाचा."

"ती हसली म्हणून?"

"छे. हसता हसता तिचं हसू जरासं गळून पडलं म्हणून. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं तिने. पापणी लवेल एवढाच वेळ. बाकी सगळा सिनेमा पाठ केलेलं बोलतो. तेवढंच एक... खरं वाटलं."

चष्मेवाल्याचा कप ओठांपर्यंत पोचलाच नाही.

"तुम्हाला दिसलं ते?"

"डोळे आहेत की."

"आमच्याकडे बावीस जणांना आहेत. एकालाही दिसलं नाही."

मग त्याने हळूहळू सांगितलं. याच सिनेमाची चित्रं काढणाऱ्यांतला तो एक. मोठा चित्रकार हसण्याची सुरुवात काढतो आणि शेवट काढतो. मधली चित्रं याच्यासारख्याने भरायची. दिग्दर्शकांनी बजावलं होतं की तिचं हसू जराही हलता कामा नये. एकटी आहे पण मजेत आहे, हाच आपला सिनेमा.

"त्या आठवड्यात मी खोलीवर एकटाच जेवत होतो," तो म्हणाला. "हात ऐकेना. सहा चित्रांतून हसू काढून टाकलं. पाव सेकंद."

"आणि मी ते लिहिणार."

"लिहा. दिग्दर्शक दुसऱ्या दिवशी कापतील. अर्ध्या दिवसाचं काम. जमलं तर मलाही त्यातच कापतील."

"मग लिहू नका, असं म्हणा ना."

"नाही म्हणणार. काम तुमचं आहे. शिवाय पहिल्याच भेटीत खोटं बोलायला लावणारा माणूस म्हणून लक्षात राहीन मी."

"लक्षात राहाल, असं कोण म्हणालं?" ती म्हणाली... आणि तिचे कान गरम झाले.

गुरुवारी दुपारी ती लिहायला बसली. अकरा वर्षांत वाचकापासून तिने काही लपवलं नव्हतं. तीच तिची पुण्याई. तो परिच्छेद उतरला, आणि इतका छान उतरला की तिने स्वतःच दोनदा वाचला. छापला तर चार लोक वाहवा करतील. पण ते पाव सेकंद जगातून जाईल. आणि त्या पाव सेकंदात तिला पहिल्यांदाच कुणीतरी ओळखलं होतं.

तिने परिच्छेद खोडला. अर्ध्या ताऱ्याचं कारण देता येईना, म्हणून तोही खोडला.

संपादक म्हणाले, "बाई, आज मीठ विसरलात."

"विसरले नाही," ती म्हणाली. "उचलून ठेवलं."

शनिवारी चष्मेवाला तिच्या कचेरीच्या जिन्यात उभा. हातात घडी घातलेला पेपर.

"तीनच?"

"तीनच."

"दिग्दर्शक म्हणतात, बाई फार कडक आहे." तो थांबला. "हाताने चित्रं काढायचं काम आमच्याकडे संपलं. सोमवारी दुसऱ्या गावी चाललोय. वर्षभरासाठी. तुम्हाला न सांगता जाववेना."

जिन्यातून लोक वर-खाली जात होते. ती कठड्याला धरून उभी राहिली.

"मी वाचकांपासून लपवलंय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी. तेव्हा आता नुसतं पेपर दाखवून जाऊ नका. काहीतरी बोला."

"ती चित्रं काढताना वाटायचं, कुणीतरी हे बघावं..." त्याने चष्मा काढला, उगाच पुसला. "कुणीतरी म्हणजे कोण, ते बुधवारी कळलं. मला तुम्ही हव्या आहात. वर्षभर थांबाल?"

"एकटं राहायची सवय आहे मला," ती म्हणाली. "थांबायची नाही. शिकेन."

तो गेला. वर्ष पुरं व्हायला अजून अवकाश आहे. पत्रं येतात, कडेला चित्रं असतात. पुढचं देवाच्या हाती, आणि त्याचा हात मोठा आहे.

बरं, उठा आता. घरी जाऊन जेवायला बसाल, तेव्हा तुमच्या ओळखीचं कुणी कुठे एकटंच जेवत असेल. पहिला घास घेण्याआधी त्याची आठवण काढा.