नव्वदवर अडलेला गुडघा

नौपाड्यातल्या त्या इमारतीची लिफ्ट सकाळपासून बंद होती. जिन्याच्या वळणावर एक तरुण कुबड्या बाजूला ठेवून पायरीवरच बसलेला. कल्पिता घाईत होती, तरी थांबली.

"कुठे जायचंय?"

"वर, फिजिओथेरपीला. पण ती झाल्याशिवाय चढता येईल असं वाटत नाही."

हसू दाबत तिने खांदा पुढे केला. आपल्याला तपासणार तीच, हे त्याला वर गेल्यावर कळलं.

सम्यक ठाकुर्लीच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. बाइकवरून पडून गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पहिल्या आठवड्यात गुडघा चाळीस अंश वाकला, दुसऱ्यात पन्नास, तिसऱ्यात साठ. त्याने आलेखाच्या कागदावर तीन ठिपके मांडून पट्टीने रेघ ओढली.

"वाय बरोबर दहा एक्स अधिक तीस. एक्स म्हणजे आठवडा, वाय म्हणजे अंश. दहाव्या आठवड्यात एकशे तीस... मग मी मोकळा."

"शरीर तुमच्या पट्टीचं ऐकत नसतं, सर."

पण ऐकलं. दर शनिवारी ठिपका रेघेवर यायचा, आणि शनिवारी कल्पिता आरशासमोर जरा जास्तच रेंगाळायची.

सातव्या आठवड्यात शंभर हवे होते, आले नव्वद. आठव्यातही नव्वदच. तिने कोनमापक पुन्हा लावून बघितला.

"घरी व्यायाम करताय ना?"

तो भिंतीकडे बघत राहिला. "बंद केलाय... रेघ एकशे तीसला पोचली की इथे यायचं कारण संपतं."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि लगेच रागही आला.

"गुडघा कायमचा आखडला असता. माझ्यासाठी असलं काही करायचं नाही."

त्याने मान खाली घातली. पुढच्या शनिवारी गुडघा पंच्याण्णव अंश वाकला. या वेळी पेन्सिल तिने घेतली.

"आठव्या आठवड्यात नव्वद, नवव्यात पंच्याण्णव. उतार पाचचा. वाय बरोबर पाच एक्स अधिक पन्नास. एकशे तीसला आता सोळावा आठवडा उजाडेल."

"म्हणजे अजून सात आठवडे." त्याला आनंद लपवता आला नाही.

"हो, पण इथल्या दुसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे, संचिताकडे. आजपासून तुमचा गुडघा ती बघेल."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, मॅडम. पण—"

"पेशंटबरोबर मला चहाला जाता येत नाही," ती पेन्सिलीकडे बघत हळूच म्हणाली, "आणि मला जायचंय."

त्याने विचारलं, "कधी?"

"आधी पाय सावकाश खाली घ्या. मग सांगते."