सात नंबरच्या आजींच्या डोळ्यात कोण होतं?

"पण दुकानात ऊन कुठे होतं?" घुमीने विचारलं.

कॅमेऱ्याच्या पिशवीत जवळजवळ मान घालून बसलेल्या आत्याने वर पाहिलं. "काय म्हणालीस?"

"त्या दुकानदाराने सोनेरी रिफ्लेक्टर दुकानातच उघडून ढब्बूवर उजेड पाडून दाखवला. तिथे नुसते ट्यूबलाइट होते. आपल्याला तर बागेत फोटो काढायचेत. उन्हात!"

"पण मी काय झकास दिसत होतो!" ढब्बू म्हणाला. "अगदी राजपुत्र!"

"राजपुत्राच्या नाकाला चटणी लागलीय," त्याची धाकटी बहीण म्हणाली. तिला सगळे शंकासूर म्हणत, आणि का म्हणत ते लगेच कळायचं. "आत्या, रिफ्लेक्टर सोन्याचा असतो का? मग चोर कसे नेत नाहीत? आणि मुळात तो लागतो कशाला?"

"बाई गं, एका वेळी एक!" आत्याने कपाळाला हात लावला. "माणसाला उन्हाकडे तोंड करून बसवलं की ते डोळे मिटतं. पाठ करून बसवलं की चेहरा काळा पडतो. मग समोर एक पडदा धरायचा. ऊन त्यावर आपटून परत फिरतं आणि चेहऱ्यावर पडतं. झालं समाधान? उद्या तो दुकानदार स्वतः येतोय पडदा घेऊन. फोटो चांगले आले की पैसे मोजायचे. स्टुडिओचं तीन महिन्यांचं भाडं जाईल त्यात, पण इलाज नाही!"

आत्या बाहेर गेली आणि स्टुडिओ पुन्हा गप्प झाला. इतका गप्प, की भिंतीवर रंगवलेल्या पडद्यातला धबधबा ऐकू येईल की काय असं वाटावं.

घुमीला या शांततेची आता सवय झाली होती. आई-बाबा दोघंही नोकरीसाठी दूर समुद्रापलीकडे. सुट्टीपुरती तिला आत्याकडे ठेवलेली. आत्या प्रेमळ, पण दिवसभर कामात. गल्लीतली सगळी मुलं कुठे कुठे पाहुणी गेलेली. उरले होते हे दोघं भाऊबहीण. ही मुलगी बोलतच नाही म्हणून ढब्बूनेच पहिल्या दिवशी तिचं नाव घुमी ठेवून टाकलं होतं. तिने विरोध केला नाही. विरोध करायला बोलावं लागतं ना!

टेकाडावरच्या वृद्धाश्रमातल्या बावीस आजी-आजोबांचे फोटो काढून द्यायचं काम आत्याला मिळालं होतं. फोटो त्यांच्या घरी पाठवायचे होते. आत्याने पहिल्यांदा चंदेरी पडदा वापरून पाहिला. त्याची तिरीप अशी लागली, की मोतीबिंदू काढलेले सगळे डोळे घळाघळा वाहू लागले. पुढच्या खेपेला तिने पडद्याशिवायच फोटो काढले, तर डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी! आता उद्याची शेवटची संधी होती.

आणि सगळ्यात जास्त घाई होती तारमास्तरांना. पूर्वी लोक तारा पाठवायचे त्या काळातले हे तारघराचे मास्तर, आता याच आश्रमात राहणारे. चाळीस वर्षं शब्द मोजण्यात गेल्यामुळे बोलायचेही तसेच, मोजून मापून. दूरदेशी असलेल्या मुलीला दर महिन्याला पत्र लिहायचे, त्यातही दोनच वाक्यं. "मजेत आहे. काळजी नको." नऊ वर्षं भेट नव्हती. मुलीने आता कळवलं होतं, "बाबा, मागच्या फोटोत तुमचे डोळेच दिसत नाहीत. मला तुम्ही माझ्याकडे बघताना हवे आहात."

"डोळे हवेत," मास्तर आत्याला म्हणाले होते. "बाकी चेहरा ऐच्छिक."

घुमी संगणकावर ते बावीस फोटो एकेक करून पाहत होती. खोबणी. खोबणी. पुन्हा खोबणी. आणि एकदम ती थांबली.

"ढब्बू, इकडे ये! ह्या सात नंबरच्या आजी बघ."

"अरेच्चा! यांचे डोळे चमकतायत!"

तीच बाग, तोच बाक, तीच वेळ. तरीही आजींचा चेहरा असा उजळला होता, की आता बोलतील आणि चहा मागतील! घुमीने त्यांचा डोळा मोठा केला. आणखी मोठा केला. बुबुळात एक पांढरा चौकोन दिसू लागला. चौकोनाच्या खाली काहीतरी होतं...

"पाय!" शंकासूर किंचाळली. "चौकोनाला पाय आहेत! भूत आहे!"

"भुताचे पाय उलटे असतात," ढब्बू म्हणाला. पण बोलताना तो दोन पावलं मागे सरकला. "हे सुलटे आहेत."

"आणि भूत रबरी बूट घालत नाही," घुमी म्हणाली. "नीट बघा. गुडघ्यापर्यंतचे आहेत. पिवळे!"

म्हणजे सात नंबरच्या वेळी आत्याच्या शेजारी पिवळे बूट घातलेलं कुणीतरी उभं होतं, आणि त्याच्यामुळेच उजेड पडला होता! बाकी एकवीस जणांच्या वेळी तो माणूस कुठे गेला?

तिघंही टेकाड चढून गेले. त्या चढावर ढब्बूचा घाम एवढा वाहिला, की खालच्या वळणावर एका कुत्र्याने त्यात पाय धुतले. खोटं वाटत असेल तर त्या कुत्र्याला विचारा.

आश्रमाच्या बागेत सगळे बाक एकेकटे होते आणि प्रत्येक बाकावर एकेकच माणूस होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळे फाटकाकडे बघत होते. मुलं आत आली तेव्हा सगळ्या माना एकदम वळल्या, आणि आपलं कुणी नाही हे कळल्यावर हळूहळू परत फिरल्या. त्या मानांची ओळख घुमीला फार जवळची वाटली. दुपारी फोन वाजला की तीही अशीच मान वळवायची.

"चला, मागे जाऊ," ती घाईने म्हणाली.

मागच्या अंगणात धुलाईघर होतं. दारात पिवळे रबरी बूट उलटे करून वाळत ठेवलेले!

"सापडले!" ढब्बू ओरडला.

आतून एक बाई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत ओले. "काय रे, माझे बूट चोरता की काय?"

"मावशी, तुम्ही भूत आहात का?" शंकासुराने थेट विचारलं.

"दिवसाला चाळीस चादरी धुते. भूत होण्याएवढी फुरसत कुठली!"

घुमीने त्यांना सगळं सांगितलं. मावशींनी हात पुसले आणि मान खाली घातली.

"त्या दिवशी मी ओली चादर पुढे धरून वाळत घालायला निघाले होते. फोटो काढणं चाललेलं दिसलं, म्हणून उभी राहिले जरा. आठ वर्षं झाली इथे मला. कुणाचे फोटो काढतायत, कसे काढतायत, बघावंसं वाटलं. तर तुझी आत्या म्हणाली, 'बाजूला व्हा हो, मध्येमध्ये येऊ नका!' मग गेले. पुन्हा कशाला जाऊ?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्याने आपल्या हाताने उजेड हाकलून दिला होता!

"हे आत्ताच सांगू या आत्याला!" ढब्बू म्हणाला.

"ऐकणार नाही," घुमी म्हणाली. "ती म्हणेल, चादरीने कधी फोटो येतात का! तिला सांगून उपयोग नाही. दाखवायला हवं." आणि त्या दिवशी घुमी जेवढं बोलली, तेवढं सबंध सुट्टीत बोलली नव्हती. मावशी ऐकता ऐकता हसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानदार कडक इस्त्रीचा सदरा घालून हजर. त्याने सोनेरी पडदा झटकला तसा तो फाडकन उघडला. गाडीच्या दोन चाकांएवढा! तारमास्तर झाडाच्या कडेला बाकावर बसले होते. पाठीमागे ऊन.

"बघा आता जादू!" दुकानदार म्हणाला.

आत्याने बटण दाबलं. मग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहिलं. मास्तर डोक्यापासून हनुवटीपर्यंत हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसत होते.

"कावीळ," मास्तर म्हणाले. "मुलगी घाबरेल."

"थोडा कोन बदलतो!" दुकानदाराने पडदा वर उचलला आणि नेमका वारा सुटला. पडद्याचं शीड झालं. दुकानदार चांगला वीतभर हवेत उचलला गेला, फुलझाडांच्या वाफ्यावरून तरंगत गेला आणि पाण्याच्या हौदात उतरला. आश्रमाचे व्यवस्थापक म्हणतात, वीतभर नव्हे, चार बोटंच. पण व्यवस्थापकांनी तेव्हा भीतीने डोळे मिटले होते.

"आता!" घुमी कुजबुजली.

खडखड करत चादरी वाळत घालायचा लोखंडी स्टँड बागेत आला. त्यावर चारही कोपऱ्यांना चिमटे लावून ताणलेली पांढरीशुभ्र चादर, आणि मागे पिवळे बूट. ढब्बू आणि शंकासूर स्टँडच्या पायांवर बसकण मारून बसले. ढब्बू बसल्यावर वाऱ्याची काय बिशाद!

"अहो, बाजूला..." आत्याने सुरुवात केली.

"चादर वाळत घालतेय," मावशी शांतपणे म्हणाल्या. "बाग सगळ्यांची आहे ना?"

"मावशी, अजून दोन पावलं पुढे," घुमी म्हणाली. "हं, बास! आत्या, फक्त एक फोटो. माझ्यासाठी."

आत्याने नाइलाजाने बटण दाबलं. मग कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. मग मास्तरांकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. मास्तरांच्या चेहऱ्यावर दुधासारखा मऊ उजेड होता. एकेक सुरकुती दिसत होती, आणि त्यांच्यामध्ये दोन डोळे, थेट समोर बघणारे.

"चादरीने?" ओल्या सदऱ्यातला दुकानदार ओरडला. "धंद्यात चादर कोण वापरतं?"

"डोळ्यांत पाणी नाही," मास्तर म्हणाले. "तिरीप नाही. चादर योग्य. तुम्ही या आता."

दुपारपर्यंत बावीस फोटो झाले. आत्याने कॅमेरा खाली ठेवला आणि ती मावशींपुढे जाऊन उभी राहिली. "त्या दिवशी मी तुम्हाला हाकललं. चुकलंच माझं. बसा बाकावर. तेविसावा फोटो तुमचा."

"माझा? कुणाला पाठवायचा तो?"

"कुणाला नाही. तुमच्यापाशी ठेवायचा."

मावशींनी बूट काढले, केस सारखे केले आणि बाकाच्या अगदी कडेवर बसल्या. चादर तिघा मुलांनी धरली.

व्यवस्थापकांनी मुलांना सगळ्यांसमोर शाबासकी दिली. "मोठ्यांना जे पैसे खर्चून दिसलं नाही, ते या मुलांनी डोळ्यात डोळे घालून शोधलं!" आत्या तर जो भेटेल त्याला सांगत सुटली, "माझी भाची! माझं भाडं वाचवलं तिने!"

फोटो संगणकावरून घरोघरी पोचले. दहा दिवसांनी घुमी छापलेले फोटो द्यायला एकटीच टेकाडावर गेली, तेव्हा तारमास्तर रागावून बसले होते.

"फोटोने चुगली केली!"

"म्हणजे?"

"मुलीचा फोन आला. फोटो बघून रडली. म्हणाली, 'बाबा, नऊ वर्षं मजेत आहे म्हणून लिहिताय, आणि डोळे तर असे!'" मास्तरांनी घसा साफ केला. एवढे शब्द त्यांनी एका दमात किती वर्षांनी वापरले असतील कोण जाणे. "डोळे दिसायला हवेत, एवढंच सांगितलं होतं. आत काय आहे तेही दिसेल, हे कुणी सांगितलं नाही."

घुमीने विचारलं, "मग? रागावल्या का त्या?"

"निघालीय. शनिवारी पोचते." मास्तरांनी चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता तरी. "शनिवारला किती दिवस?"

"चार."

"फार आहेत," तारमास्तर म्हणाले, आणि बाकावर थोडे सरकून त्यांनी तिच्यासाठी जागा केली.