डॉइल रेंडलची सही

पार्सल उघडलं की मी आधी शीर्षकपानाची मागची बाजू बघते. पहिली आवृत्ती असेल तर तिथं तसं छापलेलं असतं. मग वेष्टनाच्या आतल्या घडीचा किंमत छापलेला कोपरा, तो कापलेला आहे का. सही सगळ्यात शेवटी. सही आधी बघितली की माणूस हुरळतो आणि बाकीचं नजरेतून सुटतं.

टायटसव्हिलला नदीच्या रस्त्यावर माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. फक्त सुरुवातीच्या अंतराळवीरांची पुस्तकं, शक्यतो पहिली आवृत्ती, शक्यतो सही असलेली. पलीकडच्या काठावरून यान सुटलं की काचेची कपाटं थरथरतात. गिऱ्हाइकं तेवढ्यापुरती बोलायची थांबतात, मग पुन्हा सुरू करतात. बहुतेक सगळी पलीकडच्या अंतराळ केंद्रातून निवृत्त झालेली. क्लीव्ह हॅडॉक त्यांतलाच. उड्डाणाच्या तळावर विजेची कामं करायचा. आता रोज दहाला येऊन माझी कॉफी पितो आणि तिला नावं ठेवतो.

सह्यांच्या बाबतीत लोक माझा शब्द मानतात, त्याला कारण आहे. १९६४ साली, बावीस वर्षांची असताना, मी केंद्रात टंकलेखिका होते. डॉइल रेंडल या अंतराळवीराचं टपाल माझ्याकडं होतं. तो अजून एकदाही वर गेलेला नव्हता, पण पोरांची पत्रं पोत्यानं यायची. प्रत्येकाला सही केलेला फोटो हवा.

एक दिवस त्यानं माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. म्हणाला, "नोरीन, पोरांना सही पाहिजे आणि मला झोप. तू शिकून घे."

चार दिवसांत शिकले. फक्त त्याच्या नावातला इंग्रजी वाय मला कधी जमला नाही. त्याच्या वायचं शेपूट सरळ खाली जाऊन तुटायचं. माझं गोल वळून वर यायचं.

"राहू दे," तो म्हणायचा. "तुझा दिसायला बरा आहे."

१९६५च्या ऑगस्टमध्ये सरावाचं विमान ढगांत शिरलं आणि एका शेतात कोसळलं. डॉइल चौतीस वर्षांचा होता. मला कुणी थांब म्हणालं नाही. टेबलावर साचलेली आणि नंतरही येत राहिलेली पत्रं मी पुढच्या तीन आठवड्यांत संपवली. एकशे चाळीस फोटो, मेलेल्या माणसाच्या सहीचे. आजही कुणी असा फोटो घेऊन आलं की मी खरं सांगते, ही सही माझी आहे. कधीची, ते सांगत नाही.

त्याचं एकच पुस्तक. मुलांसाठी लिहिलेलं, चौसष्ट पानांचं, 'वर किती अंधार असतो'. ते छापून आलं ऑक्टोबरात, तो गेल्यानंतर दोन महिन्यांनी. म्हणजे पुस्तकावर त्याची सही असणं शक्यच नाही. गिऱ्हाइकांना मी हे सगळ्यात आधी सांगते.

वेल्मालाही ते माहीत होतं. वेल्मा म्हणजे डॉइलची बायको. पुन्हा लग्न केलं नाही, मूलबाळ नव्हतं. रॉकलेजच्या वृद्धनिवासात असायची. दर गुरुवारी दुपारी मी तळलेली कोळंबी घेऊन जायचे. तिला खायची मनाई होती, म्हणून आम्ही दार लावून खायचो.

"पहिली प्रत मला, सही करून, अशी बोली होती त्याची," त्या वर्षी, २००७च्या फेब्रुवारीत, ती म्हणाली. "नवऱ्याच्या बोलीचं काय होतं ते तुला कुठं कळायला. तू शहाणी, लग्नच केलं नाहीस."

"तुम्ही कोळंबी खा, वेल्मा."

"खातेय. डॉक्टर म्हणतो हृदय थकलंय. मी म्हटलं, मग त्याला बसू दे की जरा."

हसली, पण बोटं कागदी रुमालावर उगाचच काहीतरी लिहीत राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, सरळ एक प्रत घ्यावी आणि सही करून द्यावी. हात अजून होता माझ्याकडं. पण केलं नाही.

मार्चमध्ये ओहायोहून त्या पुस्तकाची एक प्रत आली. पहिली आवृत्ती, वेष्टन स्वच्छ. शीर्षकपानावर निळ्या शाईत एक मोठा डी होता, कापऱ्या हातानं काढलेला. कुणा पोराचा उद्योग असणार. मी तशी नोंद करून प्रत कपाटात ठेवली.

एप्रिलमध्ये ओरेगनहून दुसरी आली. त्याच जागी, त्याच निळ्या शाईत, डी आणि ओ. वायला सुरुवात झाली होती आणि हात मध्येच थांबला होता.

दोन प्रती शेजारी ठेवून मी भिंग घेऊन बसले. शाई छापलेली नव्हती, पेनानं कागद दबला होता. यंत्राची सही सगळीकडं सारखी दबते, ही तशी नव्हती. डी दोन्हींत एकाच वळणाचा होता, दुसऱ्यात थोडा अधिक धीट. दोन्ही विकणारे एकमेकांना ओळखत नव्हते. ओहायोच्या बाईला मी फोन केला. ती शिक्षिका होती, निवृत्त झालेली.

"आत काही लिहिलेलं नाहीये," ती जरा दुखावून म्हणाली. "पान न् पान उलटून बघितलं होतं मी. शाळेची सवय."

मेमध्ये तिसरी प्रत आली. पूर्ण सही. डॉइल रेंडल.

क्लीव्हनं चष्मा कपाळावर चढवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

"ही तर तुझीच," तो म्हणाला. "वाय बघ की. गोल."

"या पुस्तकावर मी कधीच सही केलेली नाही."

"विसरली असशील."

"क्लीव्ह, मी विसरेन?"

त्यानं प्रत खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि कॉफी अर्धी टाकून गेला.

दोन दिवस ती प्रत माझ्या टेबलावर पडून होती. वाय माझा होता, पण बाकी दाब, तिरकसपणा, शेवटच्या अक्षरावर हात उचलायची घाई, हे माझं नव्हतं. ते मला कधी जमलंच नव्हतं. गुरुवारी मी पुस्तक कोळंबीच्या पिशवीत घातलं. ठरवलं होतं, काही सांगायचं नाही, नुसतं हातात द्यायचं. तिला आनंद झाला तर झाला.

वेल्मानं पान उघडलं. खिडकीकडं वळून उजेडात धरलं.

"हा वाय तुझा आहे," ती म्हणाली.

माझ्या तोंडून सगळंच बाहेर आलं. पत्रं, तीन आठवडे, एकशे चाळीस फोटो. ती ऐकत होती. बोलून झाल्यावर तिनं उशाजवळचा खण उघडायला सांगितला. आत पाकिटात डॉइलचा एक फोटो होता, माझ्या सहीचा.

"सप्टेंबरात पत्र टाकलं होतं मी, माहेरच्या नावानं," ती म्हणाली. "घरात नुसती शांतता होती. वाटलं, कुणीतरी त्याच्या नावानं उत्तर द्यावं. आठ दिवसांत आलं. किती रडले होते मी, माहितीये? बरं वाटलं म्हणून."

मी तिचा हात धरून बसले. मग म्हणाले, "पण वेल्मा, या पुस्तकावरची मी केलेली नाही."

"ते कळलं मला." तिनं सहीवरून अंगठा फिरवला. "बेचाळीस वर्षं झाली गं. हात विसरतो माणसाचा. समोर जे सापडलं, त्यावरून शिकतोय बिचारा. आणि त्या वेळी जगात सगळीकडं तुझ्याच सह्या पाठवल्या होत्यास ना तू."

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली.

खणात एक जुनी चिठ्ठीही होती, खऱ्या डॉइलची. दूध आण, मी उशिरा येईन, खाली नाव. ती तिनं पुस्तकाशेजारी खिडकीच्या कट्ट्यावर उलगडून ठेवायला लावली, वर पाण्याचा पेला, उडू नये म्हणून.

"असू दे तिथं," ती म्हणाली. "त्याला बघू दे."

पुढच्या गुरुवारी पुस्तक तिच्या मांडीवर होतं. गाल जरा आत गेले होते, पण डोळे हसत होते. पुढचं कोरं पान तिनं माझ्यासमोर धरलं. पानभर वाय होते. वरच्या ओळींतले गोल शेपटाचे. खाली खाली येत ते सरळ होत गेले होते. शेवटच्या ओळीत फक्त एक चुकला होता, आणि तो खोडला होता.

"पहिलीतल्या पोरासारखं गिरवलंय बघ," वेल्मा म्हणाली.

मी परिचारिकेला विचारलं, खोलीत कोण येतं. फक्त तुम्हीच, ती म्हणाली. वेल्माची बोटं संधिवातानं वाकलेली होती. चमचासुद्धा नीट धरता यायचा नाही.

निघताना तिनं माझी बाही धरली.

"नोरीन, तू सांभाळलंस त्याचं नाव. नाहीतर त्याला धरायला काही राहिलंच नसतं."

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. वेल्मा खुर्चीतच गेली होती, खिडकीशी, चारच्या सुमाराला. काही त्रास झाला नाही, असं म्हणाले.

मी पोचले तेव्हा तिला नेलं होतं. कट्ट्यावर चिठ्ठी होती, वर पेला होता. पुस्तक नव्हतं. पलंगाखाली बघितलं, खणात बघितलं.

बाहेर येऊन मी दाराजवळच्या टेबलापाशी बसलेल्या बाईला पुस्तकाचं विचारलं.

"त्यांच्या नातवाकडं असेल," ती म्हणाली. "येऊन गेला ना दुपारी. तिशीतला असेल. फार सभ्य मुलगा. केस अगदी बारीक कापलेले."

"त्यांना मूलबाळ नव्हतं," मी म्हणाले.

"नोंदवहीत सही केलीय त्यानं," ती म्हणाली, आणि वही माझ्याकडं फिरवली.

त्या दिवसाची तिसरी ओळ. निळी शाई. वायचं शेपूट सरळ खाली जाऊन तुटलं होतं.

कुणाला भेटायचं: माझी बायको. आल्याची वेळ: तीन चाळीस.

शेवटच्या रकान्यावर छापलं होतं, रहिवाशाला बाहेर नेत असल्यास परत आणण्याची वेळ लिहा. तिथं त्यानं पट्टीनं काढावी तशी एक बारीक आडवी रेघ मारली होती.