सहावा पलटा

"लेहरोबा, आमच्या वर्गात सगळ्यात वाईट रियाज कुणाचा?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज वर्गातल्या नाझनीन आणि पल्लवीनं लावली होती आणि कस्तुरी मगदूमनं ती ऐटीत घेतली होती. नाव रियाजाला कंटाळणाऱ्या पल्लवीचंच येणार, याची तिला खात्रीच! सन २०६४ मधल्या मिरजेच्या त्या तबलावर्गात लेहरोबा हा यंत्रमानव होता. नाव पोरींनीच ठेवलेलं, कारण तो लेहरा (तबल्याच्या साथीला फिरून फिरून वाजणारी धून) धरायचा. प्रत्येकीनं घरी केलेला रियाजही रोज त्याच्याकडे नोंदला जायचा.

धून न थांबवता लेहरोबा म्हणाला, "तुझा."

नाझनीन आणि पल्लवी खो खो हसल्या. रोज तीन तास रियाजाला बसणारी वर्गात कस्तुरी एकटीच होती. शिवाय शनिवारी तिचं वादन होतं. गेल्या वर्षी ती सहाव्या पलट्यावर (पलटा म्हणजे मूळ बोलांची नवी मांडणी) अडकली आणि भर सभेतून उठून गेली. यंदा तसं झालं तर वाद्यवृंदातली जागा गेली, असं तबला शिकवणाऱ्या मुजावर सरांनी बजावलं होतं.

"कशावरून?" तिनं विचारलं.

"सहाव्या पलट्यापासून वाजव."

तिनं हात उचलले. ते हवेतच राहिले. सहावा सुरू कसा होतो तेच आठवेना! पहिल्यापासून धावत आल्याशिवाय बोटांना तो सापडतच नव्हता.

लेहरोबानं तिच्या घरच्या रियाजाचे आकडे भिंतीवर उमटवले. पहिला पलटा नऊशे बारा वेळा. सहावा चौऱ्याऐंशी वेळा, त्यातल्या एकाहत्तर वेळा चुकलेला.

कारण घरातच होतं. पप्पा बसच्या मोटारी दुरुस्त करत. त्यांच्या कामात एक नट चुकला की सगळं उघडून परत जोडायचं. तोच नियम त्यांनी मायेनं तबल्याला लावला होता : चुकलं की पहिल्यापासून.

लेहरोबानं समजावलं. मेंदूतल्या चेतापेशी (एकमेकींना निरोप देणाऱ्या पेशी) एकच निरोप वारंवार देत राहिल्या की त्याची वाट पक्की होते, शेतातल्या पायवाटेसारखी. ती बरोबर ठिकाणी जाते की नाही, हे वाटेला कळत नाही.

"अडखळ, थांब, मागे फिर, हे तू एकाहत्तर वेळा पक्कं केलंस," तो म्हणाला. "गेल्या वर्षी सभेत बोटं काही विसरली नाहीत. घरी केलं तेच त्यांनी करून दाखवलं."

पल्लवीसुद्धा हसायची थांबली.

मग लेहरोबानं लय निम्मी केली. पाचव्याची शेवटची ओळ आणि सहाव्याची पहिली, एवढा सांधाच वाजवायचा. थोड्या वेळानं दुसरंच काही, मग परत सांधा. उरलेलं काम मेंदू झोपेत करतो म्हणे. अर्ध्या तासात सहावा पलटा सलग तीनदा बरोबर आला. आणि छातीतली धडधड? तिचीही सवय करावी लागते, माणसांसमोर, न थांबता वाजवून.

घरी जेवताना तिनं ते आकडे कागदावर उतरवून ताटाशेजारी ठेवले. पप्पांचा घास हातातच राहिला. आईनं आकडे दोनदा वाचले.

"माझं ठरलंय," कस्तुरी म्हणाली. "आता तीन तास नाही, एकच तास, तोही तुकड्यातुकड्यांनी. शनिवारपर्यंत रोज संध्याकाळी साडेसहाला आपल्या मजल्यावरची सगळी माणसं बोलवायची. मी एकदाच वाजवणार. चुकले तरी पुढेच जाणार. पप्पा, तुम्ही समोर बसा, पण एक शब्द बोलायचा नाही. आणि शनिवार झाला की पल्लवीला असा रियाज मी शिकवणार आहे."